बहात्तर तासांची गोळी आणि नागपुरातील काउंटर

असुरक्षित संबंधानंतर गर्भधारणा टाळण्यासाठी बहात्तर तासांच्या आत घ्यायची, लेव्होनॉरजेस्ट्रेल या संप्रेरकाची १.५ मिलिग्रॅमची एकच आपत्कालीन गोळी असलेले छोटे पाकीट नागपुरातील बहुतेक औषध दुकानांत मिळते, आणि तरीही ते मागून घेणे हा या शहरातील सर्वांत अवघड खरेदीव्यवहारांपैकी एक आहे. हे परीक्षण कोणत्याही एका ब्रँडचे नाही, कारण आय-पिल, अनवाँटेड-७२ आणि त्यांच्या शेजारी मांडलेल्या इतर पाकिटांत औषध तेच असते आणि मात्राही तीच असते. परीक्षण आहे ते ही गोळी मागणाऱ्या बाईला नागपुरात जी सेवा मिळते तिचे. मी स्वतः काही वर्षे येथील औषध दुकानात फार्मासिस्ट म्हणून काउंटरच्या आतल्या बाजूला उभी राहिले आहे आणि आता शिकवते. अलीकडे सीताबर्डी, धरमपेठ, धंतोली, सक्करदरा, मेडिकल चौक, इतवारी आणि हिंगणा रस्ता या भागांतील दुकानांत मी केवळ गिऱ्हाईक म्हणून गेले. काही ठिकाणी आधी महाविद्यालयात शिकणारी माझी भाची गेली आणि थोड्या वेळाने मी गेले. दुकानांची नावे येथे देत नाही, कारण मला जे आढळले ती एखाद्या दुकानदाराची विकृती नसून एकूण धंद्याचीच सवय आहे.

आधी गोळीविषयी लिहिणे भाग आहे, कारण सेवेचे मोजमाप तिच्या गुणधर्मावरूनच ठरते. ही गोळी बीजांडकोशातून बीज सुटण्याची क्रिया काही दिवस लांबवते. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात साधारणपणे पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात, तर सुटलेले बीज जेमतेम एक दिवस टिकते; बीज उशिरा सुटले म्हणजे दोघांची गाठ पडत नाही. गर्भ आधीच रुजलेला असेल तर ही गोळी तो पाडत नाही आणि त्याला इजाही करत नाही. अमेरिकेतील औषध नियामकाने डिसेंबर २०२२ मध्ये तेथील पाकिटावरील मजकूर बदलला आणि ही गोळी गर्भाच्या रुजवणीत अडथळा आणू शकते असे सुचवणारा जुना मजकूर काढून टाकला, तोही याच कारणाने. मात्र बीज सोडण्याची सूचना देणारी संप्रेरकाची लाट शरीरात एकदा उसळली की गोळीच्या हाती फारसे काही उरत नाही, आणि ती लाट नेमकी कधी उसळणार हे बाईला कळण्याचा घरगुती मार्ग नाही.

म्हणून सगळा भर वेळेवर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या, अनेक देशांत झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे दिसले की पहिल्या चोवीस तासांत औषध घेतलेल्या स्त्रियांमध्ये अपेक्षित गर्भधारणांपैकी ९५ टक्के टळल्या, दुसऱ्या दिवशी घेणाऱ्यांमध्ये ८५ टक्के आणि तिसऱ्या दिवशी घेणाऱ्यांमध्ये ५८ टक्के. तेव्हा ०.७५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या बारा तासांच्या अंतराने घ्याव्या लागत, १.५ मिलिग्रॅमची एकच मात्रा तितकीच गुणकारी ठरते हे २००२ मधील चाचणीने दाखवले आणि दुसरी गोळी विसरण्याची भानगड संपली. पुढच्या अभ्यासांत हा उतार इतका सरळ दिसला नाही, आणि संघटना आता १२० तासांपर्यंत गोळी घेण्यास हरकत घेत नाही. तरी जितक्या लवकर तितके बरे हा सल्ला कायम आहे.

हे आकडे डोळ्यांसमोर ठेवले म्हणजे काउंटरवरची लाज ही औषधाच्या परिणामाशी थेट जोडलेली बाब ठरते. दुकानात शेजारचे काका उभे दिसले म्हणून पुढे निघून गेलेली मुलगी, वस्तीतला मेडिकलवाला नवऱ्याच्या ओळखीचा आहे म्हणून रविवारची वाट पाहणारी गृहिणी, दुकानदाराने चिठ्ठी मागितली म्हणून ‘डॉक्टरकडे जायचे तर सांगायचे काय’ या विचारात दुसरा दिवस घालवणारी नोकरदार बाई, या तिघींनीही गोळी शेवटी घेतलीच तरी ती कमी ताकदीची घेतली. आणि ही ताकद कंपनीने कमी केलेली नसते. त्यामुळे एखादे दुकान चांगले की वाईट हे मी तेथील हसतमुखपणावरून ठरवले नाही. मागितल्यापासून गोळी हातात पडेपर्यंत किती वेळ गेला, किती अनावश्यक प्रश्न आले आणि जे आवश्यक प्रश्न होते ते कोणी विचारले का, एवढेच पाहिले.

या कसोटीवर नागपूरची दुकाने वेगाच्या बाबतीत बरी आणि बाकी बाबतीत कच्ची ठरतात. साठ्याची अडचण मला कोठेही जाणवली नाही. गंजीपेठेतील दवाबाजारातून शहरभर माल जातो आणि हे पाकीट भरपूर खपणारे आहे. मी मागितली तेव्हा, म्हणजे केस पिकलेल्या आणि गळ्यात मंगळसूत्र असलेल्या बाईने मागितली तेव्हा, बहुतेक ठिकाणी एक शब्दही न बोलता पाकीट समोर आले. भाचीला मात्र त्याच काउंटरांवर निराळा पाहुणचार मिळाला. एका ठिकाणी ‘चिठ्ठी आहे काय? चिठ्ठीशिवाय नाही भेटत बेटा’ असे सांगून तिला परत पाठवले गेले आणि थोड्या वेळाने मला तेच पाकीट बिनचिठ्ठीचे, वर दहा टक्के सवलतीसह मिळाले. दुसऱ्या ठिकाणी मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात ‘स्वतःसाठीच पाहिजे काय?’ असे विचारले गेले. भारतात ही आपत्कालीन गोळी २००५ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येते. तेव्हा चिठ्ठीचा आग्रह हा कायद्याचा भाग नसून दुकानदाराने स्वतः उभारलेला नाका आहे, आणि त्या नाक्यावर कोणाला अडवायचे हे गळ्यातील मण्यांवरून ठरते.

येथे एक तुलना केल्यावाचून राहवत नाही. गौरी-गणपतीच्या, म्हणजे आपल्याकडे महालक्ष्म्या बसायच्या, आठवडाभर आधी नागपुरातील कोणत्याही औषध दुकानात थोडा वेळ उभे राहून पाहावे. पाळी पुढे ढकलण्याची गोळी, म्हणजे नॉरएथिस्टेरॉन, तेव्हा मोकळेपणाने मागितली जाते. सासूबाई सुनेसाठी मागतात, नवरे बायकोने दिलेली गोळ्यांची रिकामी पट्टी दाखवून मागतात, आणि ‘किती दिवसांची देऊ, विसर्जनापर्यंत की अजून?’ असा आपुलकीचा हिशेब काउंटरवर होतो. लग्नसराईत आणि तीर्थयात्रेच्या वेळी हेच चित्र असते. ही गोळी मात्र नियमानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची आहे, ती कित्येक दिवस रोज घ्यायची असते, आणि ज्या बाईला रक्ताच्या गुठळ्या होण्याचा किंवा यकृताचा त्रास झालेला असेल तिने ती विचारल्याशिवाय घेणे बरे नाही. म्हणजे जिला चिठ्ठी लागते ती हसतखेळत विकली जाते आणि जिला लागत नाही तिच्यासाठी चिठ्ठी मागितली जाते. दोन्ही संप्रेरके एकाच कुळातील आहेत. फरक आहे तो एक देव्हाऱ्यासाठी घेतली जाते आणि दुसरी अंथरुणासाठी, इतकाच. घानात तर कित्येक स्त्रिया संबंधानंतर गर्भधारणा टाळण्यासाठी हीच नॉरएथिस्टेरॉन घेत असल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे, कारण तेथे ती ओळखीची आणि सहज मागता येणारी गोळी आहे. तो वापर नेमून दिलेला नाही आणि त्याची शिफारस कोणी करू नये. पण अवघडलेली बाई मागायला सोपे ते औषध उचलते हे त्यावरून कळते.

आता आवश्यक प्रश्नांविषयी. धंतोलीतील एका दुकानात भाचीने गोळी मागितल्यावर काउंटरवरील तरुण फार्मासिस्ट मुलगी तिला बाजूच्या कोपऱ्याशी घेऊन गेली आणि हळू आवाजात दोनच गोष्टी विचारल्या: किती वेळ झाला, आणि रोजची कोणती औषधे सुरू आहेत का. पुढे तिने सांगितले की दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा गोळी घ्यावी लागेल, या महिन्यात पाळी थोडी मागेपुढे होऊ शकते, आठवडाभराहून जास्त उशीर झाला तर तपासणी करून घ्यावी, आणि या गोळीने पुढच्या संबंधाचे रक्षण होत नाही. एवढे बोलायला तिला दोन मिनिटेही लागली नाहीत. ज्या व्यवसायाचे शिक्षण घेऊन मी त्यात उभी राहिले त्याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला, आणि इतरत्र हे का होत नाही याचा रागही आला.

रोजच्या औषधांचा प्रश्न विदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि फिट्सवरील फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांसारखी औषधे यकृताचा वेग वाढवून या गोळीतील संप्रेरक लवकर नष्ट करतात. अशा बाईला नेहमीची मात्रा पुरेशी ठरेलच असे नाही आणि तिला डॉक्टरांकडे किंवा गर्भाशयात बसवायच्या तांबीकडे वळवायला हवे. क्षयाचा उपचार घेणाऱ्या स्त्रिया आपल्याकडे कमी नाहीत, आणि मी ज्या दुकानांत गेले त्यांपैकी धंतोलीतील दुकान वगळता हा प्रश्न कोठेही कोणी विचारला नाही. याउलट सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या बायका अनेकदा उगाच घाबरून ही गोळी टाळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत असा एकही आजार नाही ज्यात या गोळीचा धोका तिच्या फायद्यापेक्षा मोठा मानला जातो, आणि सिकलसेलही त्याला अपवाद नाही. स्तनपान करणाऱ्या आईलाही ती घेता येते. ज्यांचे वजन बरेच जास्त आहे त्यांच्यात ती कमी परिणामकारक ठरू शकते, हे मात्र खरे आहे आणि ते सांगितले जायला हवे.

या सगळ्या सूचना पाकिटातील पत्रकात असतात असे दुकानदार म्हणतात, आणि ते खोटे नाही. पण मी घेतलेल्या पाकिटांतील पत्रके इंग्रजीत आणि हिंदीत होती, अक्षर भिंगाने वाचावे असे होते, आणि मराठी मजकूर एकातही नव्हता. शिवाय पाकीट घेणारा आणि गोळी घेणारी ही अनेकदा दोन वेगळी माणसे असतात. माझ्या काउंटरवरच्या वर्षांत ही गोळी मागायला पुरुषच जास्त येत. डोक्यावरचे हेल्मेट न काढता येत, नेमके पैसे हातात धरून येत, आणि गाडी सुरूच ठेवलेली असे. बायका येत त्या उन्हासाठी बांधलेला स्कार्फ तोंडावर तसाच ठेवून, संध्याकाळी सुद्धा. हेल्मेटमधल्या माणसाला उलटीविषयी आणि पाळीविषयी सांगून त्याने ते घरी जाऊन नीट सांगावे अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. म्हणून पत्रक मराठीत, मोठ्या अक्षरात आणि पाकिटाच्या बाहेरून दिसेल असे हवे, ही माझी या उत्पादनाविषयीची सर्वांत ठाम तक्रार आहे.

दुसरी तक्रार नावांविषयी आहे. अनवाँटेड-७२ ही आपत्कालीन गोळी, अनवाँटेड-२१ डेज हे रोज घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचे पाकीट, आणि अनवाँटेड-किट हा गर्भपातासाठीचा मिफेप्रिस्टोन-मिसोप्रोस्टॉलचा संच, अशी एकाच घराण्यातील तीन नावे बाजारात आहेत. तीनही वस्तूंचे काम, कायदा आणि धोका पूर्णपणे भिन्न आहे. गर्भपाताचा संच नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वापरायचा असतो. त्याच्या वापरात चूक झाली तर ती रक्तस्रावाने दिसते. घाईत, दबक्या आवाजात, अर्धे नाव उच्चारून मागितलेल्या वस्तूबाबत अशा सारख्या नावांनी गोंधळ वाढणारच, आणि ‘ही गोळी म्हणजे गर्भपातच’ हा समज पक्का होण्यास त्यांचा हातभार लागतो. पाप लागेल या भीतीने गोळी नाकारणारी आणि दोन महिन्यांनी खऱ्या गर्भपातासाठी येणारी बाई कोणत्याही स्त्रीरोगतज्ज्ञाला अनोळखी नाही.

किमतीबाबत थोडक्यात सांगायचे तर खासगी पाकीट शंभर रुपयांच्या आसपास किंवा थोडे वर पडते. धरमपेठेत ते कोणाच्या लक्षातही येत नाही. रोजंदारीवरील बाईला मात्र तो दिवसाच्या मजुरीचा मोठा तुकडा आहे. हीच गोळी सरकार ईझी पिल या नावाने पुरवते, शासकीय आरोग्य केंद्रात ती मोफत मिळायची असते, आणि २०११ मध्ये सुरू झालेल्या घरपोच योजनेत आशाताईने ती २ रुपयांत दारात द्यायची असे ठरले. कागदावर याहून चांगली सेवा सुचणार नाही. प्रत्यक्षात शहराबाहेरील एका वस्तीत मी चौकशी केली तेव्हा आशाताईकडे निरोध होते, माला-एन आणि छाया या गर्भनिरोधक गोळ्या होत्या, ईझी पिल मात्र ‘मागवली आहे’ असे उत्तर मिळाले. त्या बाईला मी दोष देणार नाही. तिच्या वहीत जननक्षम जोडप्यांची नोंद असते, ती त्याच घरांत जाते, आणि जोडपे म्हटले की लग्न झालेले असेच गृहीत धरलेले असते. हिंगणा एमआयडीसीत कामाला येणारी एकटी मुलगी, अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलगी, विधवा, नवऱ्याने टाकलेली बाई, यांचे नाव त्या वहीत नसते. शिवाय आशाताई गावातलीच असते. दोन रुपयांच्या गोळीसाठी स्वतःच्या वाड्यातल्या बाईला सांगण्यापेक्षा शंभर रुपये मोजून अनोळखी काउंटर बरे असा हिशेब कोणीही करील. गुप्ततेसाठी गरीब बाईलाच जास्त पैसे मोजावे लागतात.

अठरा वर्षांखालील मुलींचा प्रश्न याहून बिकट आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार त्यांच्याबाबतीतील लैंगिक संबंधाची माहिती मिळाल्यास पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. कायद्यामागचा हेतू संरक्षणाचाच असला तरी सतरा वर्षांची मुलगी त्यामुळे दवाखान्याची पायरी चढत नाही आणि काउंटरवरही खोटे वय सांगते.

लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीसाठी मात्र नियम निःसंदिग्ध आहेत आणि ते प्रत्येक घरात ठाऊक असायला हवेत. २०१३ मधील कायदेबदलानुसार शासकीय असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने अशा स्त्रीवर तातडीने आणि मोफत प्रथमोपचार व उपचार करणे सक्तीचे झाले, नकार देणे हा गुन्हा ठरला, आणि ती तरतूद आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्या उपचारात आपत्कालीन गर्भनिरोधक गोळीचा समावेश आहे. त्यासाठी आधी पोलीस ठाण्यात जाण्याची अट नाही. नागपुरात मेडिकल, मेयो आणि डागा ही मोठी शासकीय रुग्णालये आहेत. पण कायदा कोपऱ्यावरील खासगी रुग्णालयालाही तितकाच लागू आहे, आणि बहात्तर तासांचे घड्याळ चालू असताना जवळचे रुग्णालय हेच योग्य रुग्णालय.

इतर विकसनशील देशांकडे पाहिले तर आपली स्थिती विचित्र वाटू लागते. होंडुरासने २००९ मध्ये या गोळीवर संपूर्ण बंदी घातली होती आणि ती मार्च २०२३ मध्ये उठली. फिलिपिन्सने २००१ मध्ये ती बाजारातून काढली. पेरूमध्ये २००९ साली घटनात्मक न्यायाधिकरणाने सरकारी दवाखान्यांतून मोफत वाटप थांबवले, त्यामुळे ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी ती दुकानातून घेतली आणि बाकीच्या बायका राहिल्या. केनियात उलट पोस्टिनॉर-२ ही शहरांतील तरुणाईत ‘पी टू’ या लाडक्या नावाने ओळखली जाते आणि औषध दुकानातून सर्रास घेतली जाते. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २०१२ मध्ये स्त्रिया आणि बालकांसाठी जीवरक्षक अशा १३ वस्तू निवडल्या, त्यांत या गोळीचा समावेश केला. आपल्याकडे बंदी नाही, तुटवडा नाही, चिठ्ठीची सक्ती नाही आणि मोफत पुरवठ्याची योजनाही आहे. तरीही तमिळनाडूत कोणताही कायदा न बदलता केवळ औषध प्रशासनाच्या नापसंतीमुळे ही गोळी कित्येक वर्षे दुकानांतून जवळपास गायब झाली होती. मोकळीक कागदावर असली तरी ती काउंटरवर काढून घेता येते, याचे तमिळनाडू हे मोठे उदाहरण आहे आणि भाचीला परत पाठवणारा नागपूरचा दुकानदार हे छोटे.

विदर्भाला हा प्रश्न नवा नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत केलेल्या आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले, आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. औषध असणे आणि ते मागता येणे यांत किती अंतर असते हे जगाने त्या अभ्यासातून पाहिले. मधल्या काळात आपल्याकडे दुकाने वाढली, जाहिराती आल्या, २००७ साली आय-पिलने दूरचित्रवाणीवरून घराघरांत हा विषय नेला. मागण्याची भाषा मात्र तयार झाली नाही. अजूनही बोट दाखवून, मोबाइलच्या पडद्यावरचे चित्र पुढे करून ही खरेदी होते.

हीच अडचण ऑनलाइन मागवण्याने सुटते का, हे मी तपासून पाहिले. घरपोच औषध देणाऱ्या सेवेने मला ती त्याच दिवशी आणून दिली, प्रश्न शून्य आणि माहितीही शून्य. मुलींच्या वसतिगृहात पार्सल फाटकावर घेतले जाते आणि त्यावरील नाव रजिस्टरमध्ये लिहिले जाते, हे भाचीने सांगितल्यावर त्या सोयीचा निम्मा मोह ओसरला.

वारंवार घेण्याविषयीची भीती काउंटरवर सर्वाधिक ऐकू येते: मूल होणार नाही, गर्भाशय खराब होते, कर्करोग होतो. या गोळीने पुढे वंध्यत्व येत नाही. नेहमीच घेतली तर पाळीचे वेळापत्रक बिघडते आणि रोजच्या गोळ्या, तांबी, अंतरा इंजेक्शन किंवा निरोध यांच्या मानाने ती बरीच कमी भरवशाची ठरते. शिवाय एचआयव्ही आणि गुप्तरोगांपासून तिने काहीच संरक्षण मिळत नाही. ज्या बाईला ती पुन्हा पुन्हा लागते तिला दटावण्याऐवजी नियमित साधन सुचवणे हे फार्मासिस्टचे काम आहे. आणि पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी हा सर्वांत खात्रीचा आपत्कालीन उपाय असून तिची यशस्विता ९९ टक्क्यांहून अधिक आहे, पुढे ती कित्येक वर्षे चालते आणि शासकीय रुग्णालयात मोफत बसते, ही गोष्ट मला एकाही काउंटरवर कोणी सांगितली नाही.

एकूण मत असे की गोळीला मी पूर्ण गुण देते, शहरातील साठ्याला आणि वेगाला चांगले गुण देते, समुपदेशनाला जेमतेम उत्तीर्ण करते आणि अविवाहित मुलींशी होणाऱ्या वागणुकीबाबत बहुतेक दुकानांना नापास करते. कोणी मला विचारले तर सांगेन की रुग्णालयांच्या आसपासची, म्हणजे धंतोली, रामदासपेठ आणि मेडिकल चौक या भागांतील मोठी दुकाने निवडावीत. तेथे गिऱ्हाईक अनोळखी असते, रात्री उशिरापर्यंत शटर उघडे असते आणि काउंटरवर स्त्री फार्मासिस्ट असण्याची शक्यता जास्त असते. औषधाचे नाव साध्या कागदावर मराठीत लिहून नेले तरी चालते. कोणी डॉक्टरांची चिठ्ठी मागितलीच तर वाद घालण्यात वेळ न दवडता पुढचे दुकान गाठावे आणि तक्रार नंतर अन्न व औषध प्रशासनाकडे करावी. मुदत संपण्याची तारीख पाहावी, बिल घ्यावे, आणि गोळी जपून ठेवायची असेल तर एप्रिल-मेच्या नागपुरात ती गाडीच्या डिक्कीत ठेवू नये.